उभं राहून काम करायचं टेबल: आधी कोपर मोजा, मग टेबल निवडा

टेबल शोधायला लागण्याआधी घरातली मोजपट्टी काढा आणि मोजायला कुणाला तरी हाताशी घ्या. स्टँडिंग डेस्क घेणारी बहुतेक मंडळी आधी टेबल पसंत करतात आणि मग त्याच्या उंचीशी जुळवून घेत राहतात. मीही तसंच केलं होतं. माझं पहिलं टेबल उभं राहायला उत्तम होतं, पण खाली येताना ते ७२ सेंटिमीटरवर थांबायचं आणि मला बसून काम करायला जेमतेम ६५ हवे होते. दिवसाचे दोन तास नीट उभा, बाकीचे सहा तास खांदे उचलून बसलेला, असं सहा महिने चाललं. मान धरली, तेव्हा पहिल्यांदा टेप हातात घेतला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: या टेबलाची खरी कमाई उंची बदलता येण्यात आहे. उभं राहता येतं हा तिचा अर्धा भाग, आणि स्वतःच्या मापाने बसता येतं हा दुसरा. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दोन मापं

पहिलं माप उभ्याचं. काम करताना पायात जे असेल ते घालून उभे राहा. अनवाणी काम करत असाल तर अनवाणीच मोजा, कारण बुटाच्या तळव्याने सहज दोन-तीन सेंटिमीटर बदलतात. खांदे सैल सोडा, दंड अंगालगत ठेवा, कोपरात काटकोन करा. जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंतचं अंतर दुसऱ्याला मोजू द्या. स्वतः मोजायला वाकलात की माप गेलंच.

दुसरं माप बसल्याचं. खुर्ची अशी करा की पावलं पूर्ण जमिनीला टेकतील आणि मांड्या साधारण आडव्या राहतील. मग तसाच काटकोन करून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा.

दोन्ही आकड्यांतून कीबोर्डच्या जाडीचे दोन-तीन सेंटिमीटर वजा करा. उरतात त्या तुमच्या टेबलाच्या दोन उंच्या.

मदतीला कुणी नसेल तर अंदाजासाठी एक हिशेब चालतो. उभं असताना कोपराची उंची माणसाच्या एकूण उंचीच्या साधारण ६३ टक्के असते. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला ती १०१ च्या आसपास येते, १७५ वाल्याला ११०, १८५ वाल्याला ११६-११७. बसल्याचं माप मात्र अंदाजाने काढू नका. धडाची आणि पायांची लांबी प्रत्येकाची वेगळी असते, एकाच उंचीच्या दोघांत चार सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

नेहमीची तयार टेबलं ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची बसलेली कोपर ६३ ते ६५ सेंटिमीटरवर येते. म्हणजे असा माणूस साध्या टेबलाशी रोज जवळपास दहा सेंटिमीटर खांदे उचलून झगडत असतो आणि दोष खुर्चीला देतो. खुर्ची उंच करून पायाखाली पाट ठेवणं हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय आहे. खाली उतरणारं टेबल मिळालं तर पाटाची गरज उरत नाही.

उभं राहण्याकडून किती अपेक्षा ठेवायची

याबद्दल खूप अतिशयोक्ती होते, म्हणून इथे जरा थांबतो. बैठ्या कामाच्या धोक्याची चर्चा निघाली की जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाचं नाव येतं. त्यांनी लंडनच्या बसचालकांची आणि कंडक्टरांची तुलना केली. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचं दिसलं. हा दाखला स्टँडिंग डेस्कच्या बाजूने सर्रास दिला जातो. पण ते कंडक्टर एका जागी उभे नव्हते. दुमजली बसचा जिना दिवसभर चढत-उतरत होते. शिवाय मॉरिस यांनीच पुढे गणवेशांची मापं तपासली, तेव्हा चालकांची कंबर नोकरीला लागतानाच जास्त असल्याचं आढळलं. एवढा सगळा फरक आसनाच्या खात्यावर मांडता येत नाही.

वजन उतरेल या आशेने टेबल घेणाऱ्यांसाठी अमेरिकेत झालेली एक मोजणी: बसून काम करताना तासाला सुमारे ८० किलोकॅलरी खर्च होतात, उभं राहून सुमारे ८८ आणि चालताना सुमारे २१०. उभं राहण्याने तासाला आठ किलोकॅलरी वाढतात, बस. वजन उतरवायचं असेल तर चाला.

उलट बाजूही आहे. एका जागी बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साचू लागतं. पोटऱ्यांचे स्नायू चालताना आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. निश्चल उभं राहिल्यावर हा पंप जवळजवळ बंदच असतो. २०२४ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ८३ हजारांहून अधिक ब्रिटिश प्रौढांच्या नोंदी तपासल्या. जास्त वेळ उभं राहण्याने हृदयविकाराचा धोका कमी झालेला दिसला नाही. दिवसात दोन तासांपलीकडे मात्र पायांच्या शिरा फुगण्यासारख्या रक्ताभिसरणाच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या.

मग टेबल घ्यायचंच कशाला? शरीराला सर्वांत जास्त त्रास एकाच स्थितीत अडकण्याचा होतो आणि हे टेबल ती अडकण सोडवतं. कंबर आखडायला लागली की बटण दाबायचं, पाय भरून आले की पुन्हा दाबायचं. माझ्या पाठीला जे बरं वाटलं, ते या बदलांमुळे.

विकत घेण्याआधी पंधरा दिवस

भक्कम खोका किंवा जाड पुस्तकांचा ढीग आत्ताच्या टेबलावर रचा. कीबोर्ड आणि माऊस कोपराच्या उंचीवर आले पाहिजेत, स्क्रीन त्याहून वर. ढीग हलत नाही ना, हे आधी बघा. रोज दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं तिथे काम करा आणि एका कागदावर फक्त दोन गोष्टी टिपा: कोणतं काम उभ्याने जमलं, आणि बसावंसं कधी वाटलं.

माझ्या कागदावर पहिल्या आठवड्यातच चित्र स्पष्ट झालं होतं. फोन, मीटिंग, मेल वाचणं, दुसऱ्याचं लिखाण तपासणं उभ्याने छान होतं. लांबलचक हिशेब आणि माऊसचं बारीक काम उभ्याने चिडचिड करायचं, कारण हात टेकायला आधार नसतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. तुमची यादी वेगळी निघेल. पंधरा दिवसांत कागद कोराच राहिला, तर टेबल घेऊ नका. तेच पैसे चांगल्या खुर्चीत घाला.

कोणता प्रकार

कायम उंच असलेलं टेबल आणि सोबत उंच स्टूल ही सर्वांत साधी व्यवस्था. सुतार आठवड्याभरात करून देईल. पण स्टुलावर दिवस काढता येत नाही, त्यामुळे बसून करायच्या कामाला दुसरी जागा हवी.

जुन्या टेबलावर ठेवायचा कन्व्हर्टर, म्हणजे वरखाली होणारा छोटा मंच, जागा आणि खर्च वाचवतो. त्यात बसल्यावर कीबोर्ड टेबलाच्याही वर जातो, म्हणजे आधीच उंच असलेलं टेबल आणखी उंच होतं. ज्यांचं बसल्याचं माप ७५ किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनीच तो घ्यावा.

हँडल फिरवून वरखाली होणारी टेबलं टिकाऊ असतात, विजेची गरज नसते. अडचण माणसाच्या स्वभावाची आहे. प्रत्येक वेळी हँडल फिरवत बसायचं म्हटलं की महिनाभरात ते फिरणं बंद होतं. मी ज्यांच्या घरी हँडलवाली टेबलं पाहिली, त्यांतली बरीचशी एकाच उंचीवर थिजली होती. परवडत असेल तर मोटरवालं घ्या, आणि तेही उंची लक्षात ठेवणारी बटणं असलेलं. एका स्पर्शात उंची बदलली तरच ती दिवसातून सहा-सात वेळा बदलली जाते.

माहितीपत्रकात काय वाचायचं

सर्वांत आधी किमान उंची. मोटरच्या टेबलाचे पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात. दोन नळ्यांचे पाय साधारण ७० सेंटिमीटरच्या खाली जात नाहीत. तीन नळ्यांचे ६० ते ६२ पर्यंत उतरतात आणि १२० च्याही वर जातात. ऑफिसच्या टेबलांसाठीच्या युरोपीय मानकात बसून-उभं राहून वापरायच्या टेबलाचा पल्ला ६५ ते १२५ सेंटिमीटर धरला आहे. तुलनेला हे दोन आकडे हाताशी असू द्या. आणि एक खाचखळगा: पुष्कळदा पत्रकातली उंची नुसत्या सांगाड्याची असते. तिच्यात फळीची जाडी मिळवा.

मग स्थिरता. टेबल जितकं वर जातं तितकं डुलतं, म्हणून दुकानात पाहताना ते तुमच्या उभ्याच्या मापावर न्या. वर पाण्याचा ग्लास ठेवा आणि नेहमीसारखं टाइप करा. पाण्यावर बारीक लाटा चालतील. पाणी काठाकडे हेलकावे घ्यायला लागलं, तर ते टेबल सोडून द्या. टेबलाची पुढची कड धरून पुढे-मागे हलवून बघा, मग डावीकडे-उजवीकडे. पुढे-मागे डुलणं जास्त त्रास देतं, कारण स्क्रीन डोळ्यांसमोर झुलते. पाय फळीच्या मधोमध असलेला सांगाडा पाय मागे असलेल्यापेक्षा सहसा कमी डुलतो. जमिनीवरचे आडवे तळपाय लांब असले तर आणखी चांगलं.

मोटर एक की दोन, हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. एका मोटरमध्ये ताकद आडव्या दांड्यातून दुसऱ्या पायाला जाते; दोन मोटरमध्ये प्रत्येक पायाला स्वतःची मोटर असते. दोन मोटरचं टेबल वजन जास्त पेलतं आणि आवाज कमी करतं. लॅपटॉप आणि एक मॉनिटर एवढंच असेल तर एका मोटरवर भागतं.

फळीची खोली ७५ सेंटिमीटरच्या खाली नको. स्क्रीन हातभर लांब ठेवून पुढे मनगटं टेकायला जागा उरली पाहिजे. जाडी २५ मिलिमीटर बरी. प्लायवूड पार्टिकल बोर्डपेक्षा स्क्रू चांगला धरून ठेवतं. जुन्या टेबलाची फळी भक्कम असेल तर नुसता सांगाडा विकत घेऊन ती त्यावर बसवता येते. मी तेच केलं.

अडथळा लागताच थांबण्याची सोय असायलाच हवी. ती दुकानातच तपासा: फळीखाली रिकामा पुठ्ठ्याचा खोका उभा ठेवून टेबल खाली आणा. खोका चेपण्याआधी टेबल थांबून थोडं वर गेलं पाहिजे. घरात लहान मुलं असतील तर बटणांना कुलूप लावता येतं का, तेही विचारा.

जोडणी

फळी जमिनीवर चादर अंथरून पालथी घाला आणि सगळी जोडणी तशीच उलटी करा. बोल्ट सुरुवातीला हातानेच अर्धवट बसवा, सांगाडा काटकोनात आल्याची खात्री करा आणि मग ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) आवळा. एक बोल्ट आधीच पूर्ण आवळला तर शेवटचा भोकात बसत नाही.

स्वतःची फळी वापरत असाल तर स्क्रूंची लांबी मोजा. २५ मिलिमीटरच्या फळीत स्क्रू १८ ते २० मिलिमीटरपर्यंत घुसला पाहिजे. जास्त लांब असला तर वरच्या बाजूने टोक निघेल. स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी ड्रिलने पाडून घ्या, ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टीने खोलीची खूण करा.

टेबल सरळ करायला दोन माणसं लागतात. सांगाड्यानेच उचला. फळीला धरून उचललं तर सगळा भार स्क्रूंवर येतो आणि ते उपटून येतात.

वीज जोडल्यावर बहुतेक टेबलांना पहिल्यांदा शून्यावर आणावं लागतं: खाली जायचं बटण दाबून टेबल अगदी तळाला न्यायचं, सोडायचं, पुन्हा दाबून धरायचं. टेबल किंचित खाली जाऊन वर येतं आणि थांबतं. नेमकी पद्धत पुस्तिकेत असते. पुढे कधी दोन पाय वरखाली झाले किंवा टेबलाच्या बटणांजवळच्या पडद्यावर एरर आली, तर पहिला उपाय हाच.

वायरींकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण टेबल साठ सेंटिमीटर वर जातं आणि वायर गेली नाही तर मॉनिटर खेचला जातो. एक्स्टेन्शन बोर्ड फळीच्या खालीच पक्का करा आणि सगळे प्लग त्यात लावा. मग भिंतीकडे जाणारी वायर एकच उरते, आणि ढिली ठेवायची तीही एकच. सीपीयू जमिनीवर असेल तर त्याच्या प्रत्येक वायरची लांबी टेबल सर्वांत वर नेऊन तपासा. शक्य असेल तर तो फळीखाली टांगून टाका. भिंतीपासून तीन-चार सेंटिमीटर अंतर सोडा. वर जाताना खिडकीची कड आणि खाली येताना खुर्चीचे हात मध्ये येतात का, हे एकदा हळू चालवून बघा. खुर्चीच्या हातावर बोटं असताना टेबल खाली आलं तर चांगलंच चिमटतं.

बैठक बसवणं

मोजलेल्या दोन उंच्या बटणांवर साठवा आणि दोन-तीन दिवस एकेका सेंटिमीटरने हलवून बघा. मनगट वर वाकत असेल तर टेबल खाली आहे. खांदे वर चढत असतील तर ते उंच आहे. पायाखाली मॅट घालणार असाल तर तिच्या जाडीइतकं उभ्याचं माप वाढवा. हे हमखास विसरलं जातं.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. दुहेरी काचांचा चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली न्या, नाहीतर खालच्या काचेतून वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे मोडते. बसल्यावर आपण थोडे रेलतो, उभ्याने ताठ होतो, त्यामुळे एकच स्क्रीन दोन्ही वेळी सारखी बसत नाही. मॉनिटर आर्म (मॉनिटर धरून ठेवणारा, हलवता येणारा दांडा) असेल तर तो फरक हाताने भरून काढता येतो. आर्म घेताना मॉनिटरच्या पाठीवरच्या भोकांमधलं अंतर बघा. ते बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर असतं.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी वेगळा कीबोर्ड घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कीबोर्ड कोपराला आणला तर स्क्रीन पोटाजवळ राहते, आणि उभ्याने मान बसल्याहूनही जास्त खाली जाते.

उजेडही तपासा. बसल्यावर न दिसणारा छताचा दिवा उभं राहिल्यावर थेट स्क्रीनवर चमकू शकतो.

सवय

कॉर्नेल विद्यापीठातले कार्यपरिसराचे अभ्यासक ॲलन हेज यांनी अर्ध्या तासाची एक वाटणी सुचवली होती: २० मिनिटं बसून, ८ मिनिटं उभं, २ मिनिटं हालचाल. घड्याळ लावून मला ती जमली नाही, दर वीस मिनिटांनी कामाचा धागा तुटायचा. मी तिचा गाभा ठेवला आणि वेळ कामाला बांधली. फोन आला की टेबल वर, मेलचा गठ्ठा संपला की खाली. दर वेळी उंची बदलताना पाणी भरायला जायचं, म्हणजे दोन मिनिटांची हालचालही होते.

पहिला आठवडा एका वेळी दहा-पंधरा मिनिटांवर थांबा, दुसऱ्या दिवशी टाच दुखली तर त्याहून कमी. महिनाभरात दिवसाचे एकूण दोन तास होतात, आणि तेवढे पुरे. सलग अर्ध्या तासाच्या पुढे जायची गरज नाही.

उभं कसं राहायचं, हेही शिकावं लागतं. गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे धरू नका. दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा लाकडी ठोकळा पायाशी ठेवा आणि आलटून पालटून एक पाऊल त्यावर टेका. कंबरेचा बाक लगेच सैल होतो. एवढ्या छोट्या वस्तूने माझ्या कमरेला जितका आराम दिला, तितका दुसऱ्या कशानेही नाही. मधूनमधून टाचा उचला, म्हणजे पोटऱ्यांचा पंप चालू राहतो. मॅट दीड-दोन सेंटिमीटर जाडीची, दाबल्यावर परत फुगणारी आणि कडा उतरत्या असलेली घ्या. फार मऊ मॅटवर घोटे दमतात.

पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, गरोदरपण असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झाली असेल किंवा गुडघा-खुब्याचं दुखणं असेल, तर वेळ किती ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा. संध्याकाळी घोट्यावर सूज दिसली किंवा पायाला मुंग्या यायला लागल्या, तर वेळ लगेच कमी करा.

देखभाल

तीन-चार आठवड्यांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवीन टेबल डुलायला लागलं तर दहातल्या आठ वेळा कारण एवढंच असतं. मोटर सलग चालवत बसू नका. बऱ्याच टेबलांवर २ मिनिटं चालवल्यावर १८ मिनिटं विश्रांती द्या असं लिहिलेलं असतं, आणि मुलांनी खेळ केला की मोटर तापून बंद पडते. ती निवली की आपोआप सुरू होते. फळीवर बसू नका, विशेषतः एका कोपऱ्यावर.

टेबल शून्यावर आणताना किंवा नियंत्रक बदलताना साठवलेल्या उंच्या कधी कधी पुसल्या जातात. तुमचे दोन आकडे, आणि टेबल वापरणाऱ्या दुसऱ्या माणसाचेही दोन, फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा. शेजारी तारीख आणि तेव्हा मॅट होती की नव्हती, हेही.